मोरीतल्या मुंग्या

तीस सालचा मार्शल लॉ उठून दोनेक वर्षं झाली असतील. मी तेव्हा सोलापुरात सुताच्या एका मोठ्या पेढीवर दिवाणजी होतो. वय पंचेचाळिशीला टेकलेलं आणि अंग असं सुटलेलं, की बैठकीवरून उठायचं तर एक हात गादीवर आणि दुसरा शेजारच्याच्या खांद्यावर ठेवावा लागे. घरी बायको, हायस्कुलात जाणारे दोन मुलगे आणि सगळ्यांत धाकटी, नऊ वर्षांची मुलगी. सकाळी आठला पेढीवर जायचं, दुपारी घटकाभर जेवायला घरी यायचं, मग पुन्हा दिवेलागणीपर्यंत सुताचे पुडे, विणकरांची गर्दी आणि मालकांच्या हाका. सगळं काम बसून. बसल्या जागी कुणी ना कुणी चहा नाहीतर भजी पुढे सरकवायचं, आणि नको म्हणायची मला सवय नव्हती.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा संपल्यावर एकदा मी माळ्यावर सुताच्या गाठी बघायला चढलो आणि जिन्याच्या मध्यावरच बसलो. डोळ्यांपुढे अंधारी आली, श्वास पुरेना. दोघांनी धरून मला खाली आणलं आणि टांग्यात घालून डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर मुंबईला शिकून आलेले. बोलणं तुटक, पण माणूस मायाळू. त्यांनी छाती तपासली, आणि एका काचेच्या नळीत निळं औषध घेऊन त्यात माझ्या लघवीचे थेंब टाकले. नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवट झालं.

"साखर आहे," ते म्हणाले. "अजून थोडी आहे. हिरव्याचं पिवळं होतं, पिवळ्याचं विटेसारखं लाल. तिथपर्यंत जाऊ देऊ नका. वजन उतरवा."

"खायचं काय मग?"

"भात, साखर, गूळ, तेलकट बंद. अंडी खा, मटणाचं पातळ पाणी घ्या."

माझा हात आपोआप गळ्यातल्या लिंगाकडे गेला; आम्ही लिंगायत, आम्हाला मांस-अंडं वर्ज्य. त्यांनी ते पाहिलं आणि चिठ्ठीवर लिहिलेलं खोडलं. "बरं. मग पाल्यावर जगा. ताक प्या, रोज सकाळी चाला. आणि घरच्या मोरीवर लक्ष ठेवा. मुंग्या लागल्या तर समजा लघवीतली साखर वाढली."

मी घाबरलो होतो, हे खरं आहे. माझे वडील याच रोगानं गेले होते. पायाला लागलं आणि ते कधी भरलंच नाही. तो वास मला अजून आठवत होता. त्यामुळे मी दुसऱ्याच दिवशी सुरुवात केली.

सकाळी पाणीदार ताक. दुपारी अर्धी ज्वारीची भाकरी आणि बिनतेलाची भाजी. कधी चुका, कधी अंबाडी, कधी तांदुळजा, कधी शेपू. संध्याकाळी मुगाचं कढण आणि मुळा किंवा काकडी. शेंगांची चटणी बंद. सोलापुरात राहून शेंगांची चटणी सोडणं म्हणजे काय, ते इथल्या माणसालाच कळेल. पहिले पंधरा दिवस मला दुसरं काही सुचत नव्हतं. विणकर समोर बसून सुताचा नंबर सांगायचा आणि मला त्याच्या धोतराला लागलेल्या खळीचा वास भाताच्या पेजेसारखा यायचा. चिडचिड इतकी व्हायची की मुलगे मी घरात आलो की बाहेर जात.

बायको मैंदर्गीकडच्या शेतकरी घरातली, लहानपण दुधनीत आजोळी गेलेलं. माणसाला पोटभर वाढायचं, एवढंच तिला लहानपणापासून ठाऊक. मी ताट मागे सारलं की तिला ते लागायचं.

"पाला काय, जनावरं खात्यात," ती म्हणायची. "माणसानं कसं जगावं त्याच्यावर?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"डाक्टर लई सांगत्यात. त्येंच्या घरी जाऊन बघा की काय शिजतंय ते."

दुसऱ्यांना जेवताना बघवत नाही म्हणून मी आधी एकटाच बसायला लागलो. तेव्हा धाकटी माझ्याशेजारी पाट मांडून बसली. ती माझ्याच वळणाची, गोल चेहऱ्याची, भरल्या अंगाची. शाळेत पोरी तिला चिडवत, ते ती मला एकट्याला गाठून सांगे.

"अप्पा, तुमी खाता तेच मी खानार. आपन दोघं बारीक व्हायचं."

बायको म्हणाली, "वाढीचं अंग हाय तिचं. तिला न्हाय असलं चालायचं."

"खाऊ दे की," मी म्हणालो. "भाजीपालाच तर खातेय. काय बिघडतंय?"

मला ते वाक्य जसंच्या तसं आठवतं. मला सोबत हवी होती, म्हणून मी तसं म्हणालो.

मग आमचा रिवाजच पडला. पहाटे उठून दोघं तळ्याभोवती चक्कर मारायची. ती माझ्या करंगळीला धरून पुढे ओढायची, मी धापा टाकत मागे. दर रविवारी ती माझ्याबरोबर पेढीवर यायची. गाठी तोलायचा मोठा काटा होता, त्याच्या एका पारड्यात मी बसायचो. तोलणारा म्हातारा मुसलमान होता. तो दुसऱ्या पारड्यात वजनं टाकायचा आणि मोठ्यानं रत्तल, म्हणजे पौंड, सांगायचा. माझ्यानंतर धाकटी बसायची. पहिल्या महिन्यात मी नऊ रत्तल उतरलो. तिचं काही हललं नाही. तिला वाईट वाटलं.

दुसऱ्या महिन्यात तिचंही उतरायला लागलं. आधी दोन रत्तल, मग तीन, मग एकदम पाच.

"अरे वा बेटी," तोलणारा म्हणाला, "तू तो बाप के आगे निकल गई!"

ती पारड्यातून उडी मारून उतरली आणि माझ्याभोवती नाचली. मी तिच्या पाठीवर थाप दिली. मला अभिमान वाटला. घरी येऊन मी बायकोला सांगितलंही, की बघ, पोरीची जिद्द आपल्या मुलग्यांत नाही.

पाडव्याला बायकोनं होळग्या केल्या. आमच्याकडे पुरणपोळीला होळगी म्हणतात. तुपाचा वास घरभर सुटलेला. मी ताटावर बसलोच नाही, देवाला हात जोडून पेढीवर निघून गेलो. दुपारी परत आलो तेव्हा घरात आरडाओरड चाललेली. धाकटी कोठीच्या खोलीत सापडली होती, गुळाच्या डब्यात हात घालून. तोंडाला, फ्रॉकला गूळ लागलेला. आधी तिनं लपून चार होळग्याही संपवल्या होत्या.

बायको तिला रागावत नव्हती. ती म्हणत होती, "खाऊ द्या, भुकेली हाय पोर." रागावलो मी.

"अशानं आपलं कसं जमायचं?" मी म्हणालो. "मी मोठा माणूस असून तोंड आवरतो, आणि तुला एक दिवस आवरत नाही?"

ती मान खाली घालून उभी राहिली. म्हणाली, "भूक लई लागते, अप्पा. खाल्लं तरी लागते."

"मलाही लागते," मी म्हणालो. "सवय होते."

त्यानंतर तिनं गुळाला हात लावला नाही. लावला असेल तर मला दिसला नाही.

चैत्र सरला आणि ऊन तापलं. सोलापूरचा उन्हाळा, घरात सगळेच पाणी पाणी करत होते. धाकटी तांब्यामागून तांब्या पाणी प्यायची, आणि रात्रीतून उठून मोरीवर जायची. उन्हामुळेच, असं आम्ही समजलो. ती सकाळी चालायला येईना. पाय दुखतात म्हणे. मग शाळेतून आल्यावर लोळायला लागली. बायको रोज म्हणायची, "तोंड बघा तिचं, कसं सुकलंय." मी म्हणायचो, उन्हाचं आहे, आणि भाकरी जरा जास्त दे. भाकरी दिली तरी तिचं अंग भरत नव्हतं.

आणि त्याच दिवसांत मला मोरीत मुंग्या दिसल्या.

सकाळची वेळ होती. तोंड धुवायला गेलो तर मोरीच्या कोपऱ्यात दगडाच्या फटीतून काळी रांग आलेली. मी पाणी ओतलं. दुपारी पुन्हा रांग.  इतकं उपाशी राहून, इतकं सोसून, साखर वाढली! वडिलांचा पाय डोळ्यांपुढे आला. मी कुणालाच सांगितलं नाही. लग्नसराई होती, साड्यांच्या सुताला मागणी, पेढीवर श्वास घ्यायला फुरसत नव्हती. डॉक्टरांकडे जायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर मला ती नळी लाल झालेली बघायची नव्हती. मी दुपारची भाकरीही सोडली आणि नुसत्या पाल्यावर राहिलो. मुंग्या जाईनात. रोज सकाळी त्या रांगेकडे बघायचो आणि माझे दिवस भरले, असं मनात म्हणायचो. धाकट्या मुलाचं शिक्षण, पोरीचं लग्न, सगळं अर्धवट टाकून जाणार, असं वाटायचं. आठवडेच्या आठवडे मी फक्त माझाच विचार करत होतो.

शेवटी बायकोनंच मला ढकलून डॉक्टरांकडे पाठवलं, कारण माझा चेहरा तिला पाहवेना. मी बाटली पुढे केली आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. दिव्यावर नळीतलं औषध उकळल्याचा आवाज ऐकू आला.

"दिवाणजी, इकडे बघा."

मी वळलो. औषध निळंच्या निळं होतं.

"साखर गेली तुमची," डॉक्टर म्हणाले. "शाबास. असा रोगी मला दुसरा भेटला नाही."

"पण मोरीत मुंग्या आहेत," मी म्हणालो. "महिना झाला."

ते हसत होते, ते थांबले. "तुमच्या नाहीत त्या. घरात आणखी कोण आहे?"

"बायको, दोन मुलगे. एक मुलगी."

"कुणाला तहान फार लागते? कुणी वाळत चाललंय?"

 मला आठवतं, मी खुर्चीचा हात धरून बसलो होतो आणि मला आमचा पेढीवरचा काटा दिसत होता. डॉक्टरांनी दोनदा विचारलं. मग मी सांगितलं, धाकटी वाळतेय, पण ती माझ्याबरोबर पथ्य करते म्हणून. डॉक्टरांनी फक्त एवढंच म्हटलं, "आत्ता घरी जा आणि तिची लघवी घेऊन या. आत्ता."

मी टांगा केला. घरी धाकटी जमिनीवर ओला पंचा अंगावर घेऊन पडली होती. मला बघून म्हणाली, "अप्पा, आज रविवार हाय?" रविवार नव्हता. मी बायकोला काही न सांगता बाटली भरून घेतली आणि तसाच परतलो. या वेळी मी भिंतीकडे तोंड केलं नाही. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि बघता बघता नळीच्या तळाशी विटेचा रंग बसला.

डॉक्टर माझ्याबरोबरच घरी आले. वाकून त्यांनी तिचा श्वास हुंगला. पिकलेल्या फळासारखा वास येत होता. तो वास आम्हालाही दोन दिवस येत होता. बायकोला वाटलं होतं, पोरीनं कुणाच्या घरी आंबा खाल्ला.

मुंबईला एक औषध मिळतं, सुईनं टोचायचं, इन्सुलिन म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. तार केली. औषध मेलगाडीनं यायला तिसरा दिवस उजाडला. तोपर्यंत ती हाका मारल्या तरी डोळे उघडत नव्हती. नुसता लांब लांब श्वास घेत होती, डोंगर चढणाऱ्या माणसासारखा. बायको उशाशी बसली होती.  दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मान वर न करता एकच वाक्य म्हणाली.

"तुमी तिला उपाशी मारलं."

औषध आलं. डॉक्टरांनी दिवसातून तीन तीन वेळा येऊन टोचलं. चौथ्या दिवशी सकाळी धाकटीनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. संध्याकाळी म्हणाली, भूक लागली. मी अंगणात जाऊन रडलो. मला वाटलं, सुटलो.

त्यानंतर ती दीड महिना जगली. तो दीड महिना मी कसा सांगू? औषधाची बाटली माठाच्या खाली ओल्या वाळूत ठेवायची. डॉक्टरांनी मला टोचायला शिकवलं. सकाळ-संध्याकाळ मी सुई उकळायचो, आणि ती स्वतः फ्रॉक वर करून मांडी पुढे करायची. कधी एखाद्या दिवशी मात्र माझा हात धरायची आणि म्हणायची, "साकु, अप्पा, साकु." आमच्या कानडीत साकु म्हणजे पुरे. मी टोचायचोच. तिचं जेवण आता मी मोजून द्यायचो. भाजी किती, भाकरी किती, ताक किती. बायकोनं ताट वाढायला हात लावायचं सोडलं होतं. ती म्हणायची, माझ्या हातनं न्हाय व्हायचं. पोर आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघायची.

एकदा तिनं मला विचारलं, "मी गूळ खाल्ला म्हणून झालं का हो हे?"

"नाही," मी म्हणालो. "नाही गं. गुळाचं काही नाही त्यात."

"मग तुमी रागावला का हुता?"

मी म्हणालो, "माझं चुकलं." तिला ते पुरेसं वाटलं असावं. तिनं कूस बदलली आणि झोपली. मला ते कधी पुरेसं वाटलं नाही.

आषाढात तिच्या मानेवर एक गळू आलं. साधं, करडईच्या दाण्याएवढं. दुसऱ्या दिवशी मान सुजली, तिसऱ्या दिवशी ताप डोक्यात गेला. डॉक्टरांनी चिरा दिला, सुयांचं माप वाढवलं, रात्रंदिवस खेपा घातल्या. चौथ्या दिवशी दुपारी, बाहेर पोरं शाळेतून परत येत असताना, ती गेली. आमच्यात पुरतात. मी तिला उचलून घेतलं आणि कुणाच्या हाती दिली नाही.

दहा-बारा दिवसांनी डॉक्टर घरी आले. बायको आतल्या दारात उभी होती. तिला ऐकू जाईल अशा बेतानं ते म्हणाले, "बाई, हा रोग पथ्यानं होत नाही. लहान मुलांना तो असाच येतो. उलट हे औषध निघायच्या आधी आम्ही अशा मुलांना उपाशीच ठेवत असू, त्यानं ती चार महिने जास्त जगत. कदाचित त्या पाल्यावरच ही तुमच्या हाती एवढे दिवस राहिली."

बायको आत निघून गेली. मी डॉक्टरांना दारापर्यंत सोडायला गेलो. ते पायऱ्या उतरता उतरता म्हणाले, "आधी आली असती तर." आणि वाक्य तसंच सोडून गेले.

मी पेढीवर जायला लागलो. घास गळ्याखाली उतरत नव्हता. पथ्य म्हणून नव्हे, घास उतरतच नव्हता. श्रावण संपेपर्यंत माझे सगळे सदरे शिंप्याकडे देऊन आत घ्यावे लागले. जिना आता मी एका दमात चढत असे. गिऱ्हाइकं कौतुक करायची. काहींना घरचं ठाऊक नव्हतं, काही ठाऊक असून विसरले. एक दिवस मालकांनी, त्यांचंही पोट सुटलेलं, मला जवळ बोलावून हसत विचारलं, "दिवाणजी, काय खाता ते आम्हालाही लिहून द्या की. आमच्या घरातले मागे लागलेत." मी कागद घेतला आणि लिहून दिलं. चुका, अंबाडी, तांदुळजा, शेपू, ताक. अक्षर नेहमीसारखं सुवाच्य आलं. मग मागच्या गोदामात जाऊन गाठींच्या आड बसून राहिलो. म्हातारा तोलणारा तिथे आला, मला बघून दार ओढून घेऊन गेला. त्यानं मला पुन्हा कधी काट्यावर बस म्हटलं नाही.

भाद्रपदात बायको दुधनीला निघून गेली. कधी परत येणार, ते सांगितलं नाही. घरात मी आणि दोन मुलगे. ते हातानं भात शिजवायचे आणि माझ्यासाठी झाकून ठेवायचे. महिना झाला तेव्हा मी गाडीत बसून दुधनीला गेलो. ती परसात भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती. मला बघून उठली नाही, पण सूप जरा बाजूला सारलं. मी तिथे बसलो. बराच वेळ आम्ही दोघं शेंगा सोलत होतो.

मग तिनं विचारलं, "डाक्टर म्हनत हुते, त्ये खरं आसंल का वो? पाल्यावरच ऱ्हायली म्हनून चार दिस जास्त ऱ्हायली, त्ये?"

तिला काय ऐकायचं होतं, ते मला माहीत होतं. डॉक्टर खोटं बोलणारे नव्हते. पण गुळाच्या डब्यापाशी उभी असलेली पोर मला दिसत होती, आणि माझ्या तोंडून व्हय निघेना.

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. रागानं नाही. उरलेल्या शेंगा तिनं माझ्याकडे सरकवल्या आणि चुलीकडे गेली. दोन दिवसांनी ती माझ्याबरोबर सोलापूरला परत आली. पुढे आम्ही बत्तीस वर्षं संसार केला. तिनं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही, आणि मला आजही त्याचं दुसरं उत्तर सापडलेलं नाही.